विश्रांतीलाही वेळापत्रकात जागा हवी

'भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा' ही म्हण मराठीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. भूक खरी असेल तर कोंड्याची भाकरीही गोड लागते आणि अंग खरोखर थकले असेल तर उशाला धोंडा असला तरी झोप लागते, असा तिचा अर्थ. श्रमणाऱ्या समाजाने स्वानुभवातून काढलेला हा निष्कर्ष आहे आणि तो खोटा नाही. थकलेल्या माणसाचे गादीवाचून अडत नाही. परंतु दोन गोष्टींवाचून मात्र त्याचा निभाव लागत नाही : एक, झोपण्यापुरता सलग वेळ, आणि दुसरी, त्या वेळेतील शांतता. म्हणीतला धोंडा ज्याचा त्याला मिळविता येतो. वेळ आणि शांतता या गोष्टी पुष्कळदा दुसऱ्याच्या हाती असतात.

पिकाला पाणी कोणत्या प्रहरी द्यायचे हे शेतकऱ्याआधी वीजपुरवठ्याचे वेळापत्रक ठरविते. नळाला पाणी पहाटे तीन वाजता सुटणार असेल, तर गृहिणीला तीन वाजता उठावेच लागते. शाळेची घंटा, कारखान्याची पाळी, उत्सवाच्या मंडपातील ध्वनिक्षेपक, कार्यालयातून रात्री उशिरा आलेला निरोप : या साऱ्यांनी माणसाच्या रात्रीच्या सीमा आखल्या जातात. म्हणून झोप हा केवळ व्यक्तीच्या सवयीचा प्रश्न नाही. तो व्यवस्थेचाही प्रश्न आहे. जो वेळापत्रक तयार करतो, मग तो अधिकारी असो, मुख्याध्यापक असो वा सरपंच असो, तो कळत-नकळत इतरांच्या झोपेचे वाटप करीत असतो.

शरीराचे रात्रीचे कामकाज

झोप म्हणजे शरीराचे काम बंद पडणे, ही समजूत विज्ञानाने केव्हाच मागे टाकली आहे. १९५३ साली शिकागो विद्यापीठातील युजीन ॲसेरिन्स्की आणि नॅथॅनियल क्लाइटमन यांनी झोपलेल्या माणसांच्या डोळ्यांच्या हालचालींची नोंद केली, तेव्हा झोपेच्या काही टप्प्यांत डोळे बंद पापण्यांआड वेगाने हलत असतात आणि मेंदूही त्या वेळी चांगलाच कार्यमग्न असतो, असे दिसून आले. पुढील संशोधनातून रात्रीच्या झोपेचा आराखडा स्पष्ट झाला. सुमारे दीड तासाचे एक, अशी चार ते सहा आवर्तने रात्रीत होतात. पूर्वरात्रीच्या आवर्तनांत गाढ झोपेचा वाटा मोठा असतो. मुलांच्या वाढीस आवश्यक असलेला वृद्धिसंप्रेरक मुख्यतः याच काळात स्रवतो. उत्तररात्री स्वप्नांच्या झोपेचा वाटा वाढत जातो. दिवसा शिकलेल्या गोष्टी स्मरणात पक्क्या करण्याचे काम झोपेतच होते. पहाटेची झोप कापली तर स्वप्नांच्या झोपेचा मोठा हिस्सा जातो. आणि रात्रीतून पुनःपुन्हा उठावे लागले तर साऱ्या आवर्तनांची सलगता तुटते. झोपेचे तास मोजताना ते सलग मिळाले की तुकड्यातुकड्यांनी, हेही पाहावे लागते, ते यासाठी.

झोप येण्यामागे दोन शक्ती काम करतात. पहिली साठत जाणाऱ्या थकव्याची. माणूस जागा असतो तोवर त्याच्या मेंदूत ॲडिनोसिन नावाचे द्रव्य साठत जाते व झोपेची ओढ वाढते. चहा-कॉफीतील कॅफीन या द्रव्याचा परिणाम तात्पुरता अडविते. त्यामुळे तरतरी वाटते, पण थकवा नाहीसा होत नाही. तो केवळ जाणवेनासा होतो. दुसरी शक्ती मेंदूतील घड्याळाची. डोळ्यांकडून आलेल्या मज्जातंतूंचा छेद होतो त्या जागेच्या वर पेशींचा एक लहानसा पुंजका असतो व तो सूर्यप्रकाशाच्या आधारे शरीराचा दिवस आणि रात्र ठरवितो. या घड्याळामागील पेशींतली यंत्रणा उलगडून दाखविल्याबद्दल जेफ्री हॉल, मायकेल रॉसबाश आणि मायकेल यंग या शास्त्रज्ञांना २०१७ चे नोबेल पारितोषिक देण्यात आले. रात्रपाळीच्या कामगाराला दिवसा अंथरूण मिळूनही पुरेशी झोप का लागत नाही, याचे उत्तर या घड्याळात आहे. शरीर थकलेले असते, परंतु घड्याळ जागे राहण्याची सूचना देत असते.

प्रौढ व्यक्तीस रोज किमान सात तास, १३ ते १८ वर्षांच्या मुलांस आठ ते दहा तास आणि ६ ते १२ वर्षांच्या बालकांस नऊ ते बारा तास झोप आवश्यक असल्याचे वैद्यकशास्त्र मानते. आपल्या परंपरेलाही हा विषय अपरिचित नव्हता. चरकसंहितेने आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य यांना शरीराचे तीन उपस्तंभ म्हटले आहे. दिवसाच्या झोपेविषयी हा ग्रंथ एरवी कडक आहे. परंतु बालके, वृद्ध आणि श्रमाने थकलेली माणसे यांना, तसेच रात्र लहान असलेल्या ग्रीष्म ऋतूत सर्वांनाच, त्याने दिवसा झोपण्याची मोकळीक दिली आहे. दुपारच्या जेवणानंतरच्या वामकुक्षीची प्रथा सर्वपरिचित आहे. ही विश्रांती पंधरा-वीस मिनिटांची असेल तर उरलेला दिवस तरतरीत जातो. ती तास-दोन तास लांबली तर रात्रीच्या झोपेतून वजा होते.

झोपेची उधारी

कमी झोप घेऊन जास्त काम करणारा माणूस कौतुकास पात्र ठरतो. हा हिशेब पुरता नाही. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काही निरोगी व्यक्तींना सलग चौदा दिवस रोज सहा तासच झोपू देण्यात आले. अखेरीस त्यांच्या अवधानाची व कामाची पातळी इतकी घसरली, की त्यांची अवस्था एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्या माणसांसारखी झाली. विशेष म्हणजे, आपली इतकी घसरण झाली आहे हे त्या व्यक्तींना स्वतःला जाणवत नव्हते. झोपेच्या उधारीचा खरा धोका हाच. कर्जदाराला कर्जाची रक्कमच दिसत नाही.

वाहन चालविणाऱ्यांच्या बाबतीत या अज्ञानाची किंमत जिवाने मोजावी लागते. सलग सतरा तास जागे राहिलेल्या माणसाची प्रतिक्रिया, रक्तात सुमारे ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी मंदावते, असे प्रयोगांत आढळून आले आहे. आपल्या मोटार वाहन कायद्याने चालकासाठी घातलेली मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम मद्याची, म्हणजे ०.०३ टक्क्यांची आहे. मद्य श्वासाच्या तपासणीत सापडते. जागरण सापडत नाही. याखेरीज, दीर्घकाळ अपुरी झोप घेणाऱ्यांत रक्तदाब, मधुमेह व हृदयविकार यांचे प्रमाण अधिक आढळते.

रविवारच्या सुट्टीचा धडा

विश्रांती ही मागून मिळवावी लागते आणि नियमात बसविल्याखेरीज ती टिकत नाही, हे महाराष्ट्राच्या कामगार चळवळीने फार पूर्वी दाखवून दिले आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईच्या कापड गिरण्यांत सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत काम चाले. आठवड्याच्या सुट्टीची निश्चिती नव्हती. सत्यशोधक चळवळीतील कार्यकर्ते व 'दीनबंधु' पत्राचे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार केले. रविवारची सुट्टी आणि दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती या त्यांतील प्रमुख मागण्या होत्या. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मी येथे सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली. तीत दोन स्त्री-कामगारांनीही भाषणे केली. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघटनेने रविवारच्या सुट्टीस मान्यता दिली. पुढल्याच वर्षी झालेल्या कारखाना कायद्यात साप्ताहिक सुट्टी व दुपारची विश्रांती यांचा समावेश झाला.

या इतिहासाचा पुढील भाग तितकाच बोधप्रद आहे. तोवर सूर्य मावळला की यंत्रे थांबत. १९०५ च्या सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि कामाचा दिवस चौदा-पंधरा तासांपर्यंत लांबला. अंधाराने घातलेली मर्यादा दिव्याने उठविली. आता ती कायद्याने घालणे भाग पडले. १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांतील प्रौढ पुरुषांसाठी रोजची बारा तासांची मर्यादा ठरली. १९२२ साली आठवड्याचे तास साठांवर आणि १९३४ साली बारमाही कारखान्यांत चोपन्नांवर आले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. त्यांच्या प्रयत्नांतून आलेल्या १९४६ च्या दुरुस्तीने हे तास अठ्ठेचाळीस झाले. दिवे, यंत्रे आणि आता खिशातील दूरध्वनी : प्रत्येक नव्या साधनाने कामाला रात्रीत शिरण्याची वाट मिळते; आणि प्रत्येक वेळी समाजाला नवी सीमा आखावी लागते.

शिवारातील रात्र

कारखान्याच्या आवारात ही सीमा आखली गेली. शिवारात ती बराच काळ आखली गेली नाही. कृषिपंपांना आळीपाळीने, काही दिवस दिवसा व काही दिवस रात्री, वीज देण्याची पद्धत राज्यात दीर्घकाळ चालत आली. रात्रीची पाळी आली की शेतकऱ्याने हातात बॅटरी घेऊन, थंडी-वाऱ्यात, सर्पदंशाचे भय बाळगून दारे धरायची आणि सकाळी पुन्हा दिवसाच्या कामाला लागायचे. त्याच्या या जागरणाची नोंद कोणत्याही हजेरीपटावर होत नाही. २०१७ साली राज्यात जाहीर झालेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा विचार या दृष्टीनेही करावयास हवा. विद्युत् उपकेंद्राजवळच्या जमिनीवर सौर प्रकल्प उभारून त्याची वीज शेतीच्या वाहिनीला देणे, ही या योजनेची मूळ कल्पना. सूर्याची वीज दिवसाच निर्माण होते, म्हणून ती शेतकऱ्याला दिवसाच मिळते. अशा प्रकल्पासाठी जमिनीचा विषय ग्रामसभेपुढे येतो, तेव्हा युनिटच्या दराबरोबर गावाच्या झोपेचाही हिशेब मांडला गेला पाहिजे.

ऊसतोडणी कामगारांची रात्र याहून तुटपुंजी असते. दिवाळीच्या सुमारास बीड, अहिल्यानगर, जालना आदी जिल्ह्यांतील कुटुंबे तोडणीसाठी बाहेर पडतात. त्यांचा दिवस पहाटेच्या अंधारात सुरू होतो आणि वाहन फडावर येईल त्या वेळी, मग ती मध्यरात्र का असेना, मोळ्या भराव्या लागतात. कोपीवर परतल्यावर स्त्रीला स्वयंपाक चुकत नाही. वाहनांच्या फेऱ्यांचे नियोजन करताना भरणीच्या वेळा थोड्या निश्चित केल्या, तरी या कुटुंबांना सलग चार-पाच तास अंथरुणाला पाठ टेकता येईल.

घरातील शेवटचा दिवा

घरात सर्वांत शेवटी कोण झोपते आणि सर्वांत आधी कोण उठते, या प्रश्नाचे उत्तर बहुतेक घरांत एकच आहे. २०१९ साली झालेल्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणानुसार, घरातील बिनमोबदल्याच्या कामात भाग घेणाऱ्या स्त्रिया त्यासाठी रोज सरासरी २९९ मिनिटे देतात, तर असे काम करणारे पुरुष ९७ मिनिटे. या दोन आकड्यांत सुमारे तीन तास वीस मिनिटांचे अंतर आहे. शेतमजुरीला किंवा नोकरीला जाणाऱ्या स्त्रीच्या बाबतीत हे अंतर पुष्कळदा तिच्या झोपेतूनच भरून काढले जाते. घरकामाची वाटणी हा कुटुंबाचा विषय असला, तरी त्यातील एक धागा थेट ग्रामपंचायतीच्या हाती आहे. तो म्हणजे नळाला पाणी सोडण्याची वेळ. टाकी भरण्याचे व पाणी सोडण्याचे वेळापत्रक ठरविताना महिलांना विचारले आणि ठरलेली वेळ पाळली, तर त्यासाठी वेगळा निधी लागत नाही.

शाळा आणि परीक्षा

फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य शासनाने पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरविण्याचा निर्णय घेतला. रात्री उशिरा झोपणारी आणि सकाळी अर्धवट झोपेत शाळेत येणारी बालके, ही या निर्णयामागील चिंता होती. मात्र शाळा उशिरा भरली आणि घरातील दूरचित्रवाणी रात्री अकरापर्यंत चालूच राहिली, तर मिळालेला तास तेथेच खर्ची पडेल. पालकसभेत शिक्षकांनी ही गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे.

किशोरवयात मेंदूतील घड्याळच थोडे मागे पडते. त्यामुळे या वयातील मुलांना रात्री उशिरा झोप येते आणि सकाळी जाग येत नाही. प्रत्येक वेळी हा आळस नसतो. दहावी-बारावीच्या वर्षी तर रात्र जागून अभ्यास करण्याची जणू चढाओढ लागते. वाचलेले स्मरणात पक्के होण्याचे काम झोपेत होत असल्यामुळे, परीक्षेच्या आदल्या रात्रीचे जागरण आधीच केलेल्या अभ्यासाचे नुकसान करते. अभ्यासाच्या वेळापत्रकात विषयांच्या रकान्यांबरोबर झोपेचा रकानाही आधी भरावयास शिकविणे, हे मार्गदर्शनाचाच एक भाग आहे.

शांततेचा कायदा

वेळ मिळाला तरी शांतता नसेल तर तो वाया जातो. ध्वनिप्रदूषण (विनियमन व नियंत्रण) नियम, २००० अन्वये रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत, बंदिस्त सभागृहांचा अपवाद वगळता, ध्वनिक्षेपक वापरण्यास मनाई आहे. निवासी भागासाठी रात्रीच्या आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे. सण-उत्सवांसाठी ठरावीक दिवशी मध्यरात्रीपर्यंत सवलत देण्याचा अधिकार राज्य शासनाला आहे. परंतु असे दिवस वर्षातून पंधरापेक्षा अधिक असू शकत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने २००५ च्या निर्णयात रात्रीच्या या बंदीवर शिक्कामोर्तब केले. २०१२ साली दिल्लीतील रामलीला मैदान प्रकरणी याच न्यायालयाच्या निकालपत्रात झोप ही जगण्याच्या हक्काशी जोडली गेली. एप्रिल २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रात्रभर चाललेल्या एका चौकशीच्या प्रकरणात झोप ही माणसाची मूलभूत गरज असल्याचे नमूद केले.

नियम स्पष्ट असूनही गावात तो पाळला जात नाही, कारण तक्रार करणाऱ्याला शेजाऱ्याशी वैर नको असते. म्हणून हा विषय तक्रारीवर न सोडता आधीच ठरविलेला बरा. उत्सवाच्या महिनाभर आधी मंडळांची बैठक घेऊन ध्वनिक्षेपक बंद करण्याची वेळ लिहून ठेवली आणि ती सर्वांना सारखीच लागू केली, तर कोणा एकावर वाईटपणा येत नाही. आजारी माणूस, बाळंतीण, परीक्षार्थी आणि पहाटे कामावर जाणारा मजूर प्रत्येक आळीत असतोच.

कार्यालय सुटल्यानंतर

२९ फेब्रुवारी २०२० पासून राज्य शासनाच्या कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा लागू झाला. कागदावरील ही विश्रांती प्रत्यक्षात उतरावी, यासाठी वरिष्ठांच्या सवयीतही बदल हवा. रात्री दहा वाजता भ्रमणध्वनीवरील गटात 'माहिती तातडीने सादर करावी' असा निरोप आला, म्हणजे शिक्षक, ग्रामसेवक वा अंगणवाडी सेविका यांची रात्र त्या माहितीभोवती फिरू लागते. पूर, आग, साथ यांसारख्या प्रसंगी रात्रीचे निरोप अटळच असतात. एरवी जी माहिती सकाळी साडेदहाला चालेल, ती सकाळीच मागवावी. पडद्याच्या प्रकाशाने झोप लांबते ती वेगळीच.

मुक्कामी एस.टी.चे चालक आणि वाहक यांचाही विचार गावाने करावा. रात्री शेवटची गाडी घेऊन आलेली ही माणसे पहाटे पहिली गाडी घेऊन निघतात. कित्येक गावांत ती गाडीतील बाकावरच झोपतात. पहाटेच्या गाडीने गावातीलच मुले शाळेला आणि रुग्ण दवाखान्यात जातात. ग्रामपंचायतीच्या इमारतीतील एक खोली, दोन खाटा, पंखा आणि स्वच्छतागृह एवढी सोय केली, तर ती त्या प्रवाशांच्या सुरक्षिततेसाठी केल्यासारखीच आहे.

झोपण्याची जागा

झोपेचा जागेशीही संबंध आहे. जमिनीवर झोपलेल्या माणसाला रात्री मण्यार जातीचा विषारी साप चावण्याच्या घटना ग्रामीण भागात घडतात. हा दंश पुष्कळदा वेदनारहित असतो आणि झोपेत लक्षातही येत नाही. खाटेवर झोपणे आणि मच्छरदाणीच्या कडा अंथरुणाखाली नीट खोवणे, या साध्या उपायाने साप व डास या दोहोंपासून संरक्षण मिळते. ज्याला अंथरुणावर पडूनही महिनोन्‌महिने झोप लागत नाही, किंवा जो मोठ्याने घोरतो, झोपेत ज्याचा श्वास अडतो आणि दिवसा बसल्याजागी डोळे मिटतात, त्याने प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. झोपेच्या गोळ्या वैद्यकीय सल्ल्याविना घेणे धोक्याचे आहे.

ग्रामसभेपुढील एक प्रश्न

गावाच्या विकासाचा आराखडा तयार होतो तेव्हा रस्ते, गटारे, दिवाबत्ती व इमारती यांची यादी होते. त्या यादीसोबत एकदा गावाच्या रात्रीची यादी करून पाहावी. रात्री दहा ते पहाटे पाच या वेळेत गावात कोण कोण जागे असते आणि कोणाच्या निर्णयामुळे? पाण्यासाठी, विजेसाठी, आवाजामुळे, निरोपामुळे, की गाडीसाठी? यांतील काही जागरणे टळणारी नाहीत. पिकावर रानडुकरे आली तर राखण करावी लागते. आजाऱ्याच्या उशाशी बसावे लागते. परंतु उरलेल्यांपैकी बरीचशी एखाद्या वेळापत्रकातील एका ओळीमुळे घडत असतात आणि ती ओळ बदलण्याचा अधिकार गावातील, पंचायत समितीतील किंवा शाळेतील कोणाकडे तरी असतो. लोखंडे यांच्या मागणीपासून रविवारची सुट्टी मिळेपर्यंत सहा वर्षे लागली. पाणी सोडण्याची वेळ बदलण्यास ग्रामपंचायतीची एक बैठक पुरेशी आहे.